आखाजीची सुट्टी आणि नवा बॉयलर

साहेब, आज दुपारी एका बैठकीत मी असं काही बोलून बसलोय की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, हे माहीत असूनही लिहितोय.

कामरेजजवळच्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमधला तो बॉयलर आठवतो ना? नव्वदचं दशक, तुम्ही आमचे मुख्य इंजिनीअर आणि माझं ते पहिलंच स्वतंत्र काम. ठरल्या तारखेला वाफ मिळाली नाही तर मिल बंद पडणार आणि शेठ आपल्याला हाकलून दुसरा कंत्राटदार आणणार, हे सरळ होतं. मी रंगीत पेन्सिलींनी वेळापत्रक काढलं होतं आणि त्यावर भलताच खूश होतो. पाइपांचं वेल्डिंग नेमकं अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात! आमच्या पुण्याकडे त्या दिवशी आमरस खायचा आणि दुपारी ताणून द्यायची. त्यासाठी आख्खा आठवडा सोडायचं माझ्या डोक्यात येणार कुठून? पण आपले वेल्डर सगळे तिकडच्या डिंडोलीत राहणारे खानदेशी; अक्षय्य तृतीया म्हणजे त्यांची आखाजी, तेव्हा सगळे गावी जाणार. त्यांचा मुकादम तुमच्यासमोर येऊन उभा राहिला. "आखाजीले पोर माहेरले ई, साहेब. बाप घर नही दिखना ते तिले कसं वाटी?"

मी तापलो. दुप्पट मजुरी देऊ म्हणालो, नाहीतर दुसरी माणसं आणू म्हणालो. तुम्ही मला गप्प केलंत. "अरे, पैसे देऊन तू त्याला थांबवशील, पण त्याचं लक्ष गावीच राहील. उद्या त्या जोडातून वाफ सुटली तर?" मग तुम्ही माझा कागद ओढून घेता, खोडरबर मागता आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळं वेळापत्रक उलटं करता. पाइपांचं वेल्डिंग आधी. मग गवंडी भट्टीत विटा लावणार, त्या सुकायला दिवस लागतातच आणि तेवढ्यात वेल्डरचं काहीच काम नाही. आखाजी बरोब्बर त्या दिवसांत! परत आले की शेवटचे जोड आणि चाचणी. चिडलेला असूनही मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पुढे मोठमोठी कामं सांभाळली, साहेब, पण काम आखायला मी शिकलो ते त्या दुपारी.

शेठना मात्र ते परततील याचा भरवसा नव्हता; त्यांच्या गुजरातीत म्हणाले, "अने ए लोको पाछा नहीं आवे तो?" तुम्ही चहाचा घोट घेत म्हणालात, "येतील. माझी जबाबदारी."

आणि आले की हो! ठरल्या दिवशी सकाळी फाटकाशी एकेक ओळखीचा चेहरा दिसायला लागला, हातात कैऱ्या-आंब्यांच्या पिशव्या. मुकादमानं लेकीच्या हातचे मांडे आधी तुमच्यापुढे केले. वाफ सुरू झाली तेव्हा मी वेड्यासारखा नाचलो होतो.

आता माझ्या कामावरचे वेल्डर बिहारचे आहेत आणि तोंडावर छठ आलीय, म्हणून मी त्यांना गावी जायला सुट्टी दिलीय. आज मालकांनी शेठचाच प्रश्न विचारला आणि मी ताडकन म्हणालो, "येतील. माझी जबाबदारी." तुमचेच शब्द, साहेब! संध्याकाळपासून घरभर येरझाऱ्या घालतोय, बायको हसतेय. हे पत्र टाकणार तरी कुठे? पण एक विचारायचं होतं, तेव्हा सुचलं नाही. तुम्हाला खरंच खात्री होती का? कारण मला नाहीये.