गाडी बिथरली नव्हती, गारठली होती

नागपूर, रविवार

ती. भागीरथावहिनी,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोळे कसे आहेत हे विचारत नाही; पत्र दादाच मोठ्यानं वाचून दाखवणार, म्हणजे कसे आहेत ते कळलंच. (दादा, सावकाश वाच, मधलं गाळू नकोस.) फोनवर गाडीचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून लिहायला बसले.

ऑपरेशनसाठी तुम्हाला न्यायला आले, त्या दिवशी कुहीत झालं ते असं. रात्रभर तुमच्या अंगणात दव खात उभी असलेली गाडी मी सकाळी सुरू केली, आणि ती अशी ओरडायला लागली की आत बसलेल्या तुम्ही पिशवीसकट खाली! म्हणालात, "पाय नाही लावला तं एवढी बोंबलून राहिली, पाय लावल्यावर का करन वं?" शेजारच्या गोविंदानं तर धावत येऊन चाकापुढे वीट लावली, जणू बैलच सुटला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं आणि मी एकटी परत आले, वाटभर बाजूच्या रिकाम्या सीटशी भांडत.

पण वहिनी, ती बिथरली नव्हती. (गाडीसोबतच्या पुस्तकात वाचलंय.) गार इंजिनात तेल घट्ट असतं, पेट्रोलची नीट वाफ होत नाही. नेहमीच्या संथ गतीनं फिरलं तर ते बंदच पडेल. म्हणून गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाभोवतीचं पाणी किती गार आहे ते बघतो आणि आपण पेडलला पाय न लावताच हवा-पेट्रोल जास्त सोडतो. पाणी तापत जातं तसतसा तो हात आखडता घेतो. इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या दाखवणारा काटा दीड हजारावरून हळूहळू आठशेवर येतो आणि नुसती गुरगुर उरते. तुम्ही नाही का, थंडीत पहिला चहा पोटात जाईपर्यंत अख्ख्या घराला फैलावर घेता, आणि मग... (दादा, हसू नकोस.)

तेव्हापासून माझंच मन थाऱ्यावर नाही. रोज सकाळी खाली जाते, गाडी सुरू करते, काटा उतरेपर्यंत बसते, बंद करून वर येते. खालच्या मजल्यावरच्या इंदुताई विचारतात, "काहून वं, रोज कुठं जाऊन राहिली?" कुठंच नाही. काटा उतरताना पाहिला की छातीतली धडधडही जरा उतरते. पण जिना चढेपर्यंत डॉक्टरांचं बोलणं आठवतं, की आणखी थांबलात तर अवघड होईल. रामदासपेठेतल्या दवाखान्यात पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय. बुधवारी न्यायला येते. गाडी गरमच असेल. अंगणात बंदसुद्धा करणार नाही.

तुमची,
कामिनी

ता. क. दादा, एवढं मनातल्या मनात वाच. पाकीट चिकटवायच्या आधी वहिनींचाच फोन आला. म्हणाल्या, "गाडीचं सोड वं. मी तिकडं राहिली तं तुह्या दादाले कोण वाढन?" म्हणजे पाणी, पेट्रोल, काटा हे सगळं मी उगाच लिहिलं. चार दिवस वरण-भात तुझा तुला करता येतो, असं त्यांना आजच सांग. येत नसेल तरी सांग.