एक अख्खी हळद

पनवेल,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. चंद्राआत्यास,
हेतलचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं रचतेस. मागच्या खेपेला कुंदन आजारी आहे असं तू करंजाभर सांगून आलीस. अगं, माझ्या नवऱ्याला साधा खोकलाही नव्हता! म्हणून हे पत्र.

बातमी अशी, की मी कळंबोलीच्या लोखंड बाजारातली वजनकाट्यावरची नोकरी सोडली. बारा वर्षं ट्रकांची वजनं लिहिली, आता पुरे. मार्केटच्या मागे एक गाळा घेतलाय. मी, गंगाबाई आणि आशालता, अशा तिघी तांदळाच्या भाकऱ्या करतो आणि चार खानावळींना पोचवतो. कुंदन म्हणाला, नुसती थापत बसलीस तर दहा वर्षं थापतच राहशील, कुठे पोचायचं ते आधी ठरव. मग मी गाळ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं: एक अख्खी हळद, अक्षय्य तृतीयेच्या आत.

म्हणजे कुणाच्या तरी लग्नातली हळद, आपल्या आगऱ्यांची, आणि तिथली एकूण एक भाकरी माझ्या गाळ्यातल्या हातांची. पूर्वी आळीतल्या बायका जमून करायच्या. आता त्या कामावर जातात, मग कुणीतरी करायलाच हवं ना? हे जमलं तर गाळा चालू राहील. नाही जमलं तर मेमध्ये परत काट्यावर. शेठनी तोवर माझी खुर्ची राखून ठेवलीय आणि घरातही तसंच ठरलंय. पण मला परत जायचं नाही, आत्या. बारा वर्षांत तिथे माझ्या हातून एक वस्तू तयार झाली नाही.

तू चाळीस वर्षं हळदीच्या चुली सांभाळल्यास. एका हळदीला भाकऱ्या किती लागतात, तेवढं कळव. इथे आकडा कुणी सांगतच नाही.

मायेत कमी करू नकोस, उत्तरात उशीर करू नकोस.
तुझी,
हेतल


करंजा,
२१ नोव्हेंबर २०२४

सौ. हेतल हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. दोनदा वाचले, एकदा शेजारणीला वाचून दाखवले. कुंदनराव धडधाकट हाय हे ऐकून बरे वाटले.

अगं, तुझी पहिली भाकरी मला आठवते. दहा वर्षांची होतीस. भाकरीला चार कोपरे होते आणि मधे खिडकी. तुझा बाप ती कौतुकाने खाऊन गेला, बिचारा. तीच पोर आता हळद उचलायला निघाली! उचल बाई. नोकरी सोडलीस त्याबद्दल मी काय बोलणार नाय. पाण्यात पडलं की पोहायला येतं.

पण किती लागतात ते मला विचारू नकोस. आमी कधी मोजल्या नाय. जेवणाऱ्याच्या पुढची भाकरी मोजली की बरकत जाते, असं आई म्हणायची आणि मीही तेच म्हणते. पाटी भरायची, पुढे द्यायची. भिंतीवर लिहिलंस ते चांगलं केलंस, पण आधी बारसं कर, मग साखरपुडा, मग हळद. पहिल्याच पायरीवरून माडीवर उडी मारशील तर पाय मोडेल.

उकड काढताना पाणी खळखळून उकळू दे, तू घाई करतेस. आल्यागेल्याच्या हाती खुशाली कळव.
तुझी आत्या,
चंद्रावती


पनवेल,
१९ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं आधी बारसं घेतलं. आणि माझी फजिती झाली. सगळं सांगते, म्हणजे तुला मनानं रचायला नको.

बाळाच्या आजोबांना मी विचारलं, माणसं किती. ते म्हणाले, घरचीच गं, शंभर. मी शंभर धरली, दर माणशी तीन भाकऱ्या धरल्या, वर वीस टाकल्या. चूलबंद आमंत्रण म्हणजे काय हे मला ठाऊक नाही असं नाही. अख्ख्या घरानं जेवायला यायचं, घरची चूल त्या दिवशी बंद. पण त्यांनी तोंडानं आकडा सांगितला आणि मी तो काट्यावरच्या पावतीसारखा खरा धरला. तिसरी पंगत बसली आणि पाट्या रिकाम्या. एक म्हातारे बाबा रस्सा पुढे घेऊन भाकरीची वाट बघत होते. त्यांनी मला विचारलंही नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. शेवटी घरच्या बायकांनी घाईघाईनं भात टाकला. आजोबा उलट मलाच म्हणाले, राहू दे पोरी, होतं असं. त्यानं तर जास्तच लागलं.

घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं सगळं पुसून टाकलं. आशालता म्हणते, खानावळींपुरतं करू, हळद आपल्या आवाक्यातली नाही. मलाही तसंच वाटायला लागलंय. काट्यावरची खुर्ची काही वाईट नव्हती म्हणा.

तुझं पत्र आलं तर बरं वाटेल, रागावलीस तरी चालेल.
तुझी,
हेतल


करंजा,
२४ जानेवारी २०२५

सौ. हेतल हिस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

पहिलं काम, खडू घे आणि पुसलेलं परत लिही. मग पुढचं वाच.

तुला एक गोष्ट सांगते, ती तुझ्या आईलाही ठाऊक नाय. तुझ्या बापाच्या हळदीला चुली माझ्याकडे होत्या. मी सातवी शिकलेली, मला वाटलं आपण हिशोबात हुशार. माणसं मोजली, भाकऱ्या मोजल्या. अर्ध्या पंगतीत सगळं संपलं. माझ्या सख्ख्या भावाची हळद गं! जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. तेव्हा आळीतल्या बायका उठल्या, आपापल्या घरात गेल्या आणि पदरात भाकऱ्या बांधून घेऊन आल्या. त्या दिवसापासून मी मोजणं सोडलं. बरकतीचं आई म्हणायची ते खरं, पण माझं खरं कारण हे. तुला नोव्हेंबरातच सांगायला हवं होतं. लाज वाटली, म्हणून नाय सांगितलं. तुझी फजिती झाली त्यात निम्मी चूक माझी हाय.

आता नीट ऐक. आपला माणूस घरचीच शंभर म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाय, मोठेपणा टाळतो. त्याला माणसं विचारायचीच नाय. किती चुलींना आमंत्रण हाय ते विचार, ते तो बरोबर सांगेल. दर चुलीमागे एक शेर पीठ. आणि सगळ्यावर गावदेवीच्या नावाने एक पाटी जास्त, ती शेवटपर्यंत झाकून ठेवायची. दुसरं, तिघींनी हळद होत नाय. हात वाढव. उकड काढणारी वेगळी, थापणारी वेगळी, तव्यावरची वेगळी.

माझी काथवट मासळीच्या टेम्पोतून पाठवते हाय. चाळीस वर्षं तिच्यात पीठ मळलं. वास आला तर दोनदा धू, बोंबलांच्या शेजारी बसून येणार हाय बिचारी.

धीर सोडू नकोस, आमची आठवण सोडू नकोस.
तुझी आत्या,
चंद्रावती


पनवेल,
२३ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काथवट पोचली. तीनदा धुतली. गंगाबाईनं तिला हळदकुंकू लावलं आणि आता दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

खडूनं परत लिहिलं, आणि या वेळी खाली पायऱ्याही लिहिल्या. फेब्रुवारी: दहा हात. ते झाले, गाळ्याशेजारच्या दोघी आल्या, आणि कुंदन रविवारी उकड काढतो. हसू नकोस, छान काढतो! मार्च: एक साखरपुडा. तोही झाला. चाळीस चुली विचारल्या, चाळीस शेर पीठ घेतलं, आणि गावदेवीची पाटी झाकलेलीच परत आली. घरमालकीण माझा हात धरून म्हणाली, अशी भाकरी सासूच्या हातची खाल्ली होती.

आता खरी बातमी. कर्नाळ्याच्या अलीकडच्या गावातले भगवानशेठ गाळ्यावर आले. नातवाची हळद, २६ एप्रिल. अक्षय्य तृतीया तीसला आहे, म्हणजे चार दिवस राखून! मी विचारायच्या आधीच म्हणाले, घरचीच माणसं, दोनशे. मला इतकं हसू आलं! मी म्हटलं, शेठ, चुली सांगा. ते माझ्याकडे बघून म्हणाले, दोनशे ऐंशी. मग विचारलं, कुणाची गं तू? मी तुझं नाव सांगितलं.

आत्या, तू ये. चुलींजवळ नुसती बस.

येशील या भरवशावर,
हेतल


पनवेल,
२८ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

झाली! आत्या, अख्खी हळद झाली!

तू गुडघ्यांचं कारण सांगून आली नाहीस, त्यामुळे आधी तुझ्यावर रुसणार होते. पण आनंद एवढा झालाय की रुसायला जागा नाही. आम्ही पाच आणि रोजावर घेतलेल्या नऊ, अशा चौदा बायका, आठ तवे. दुपारी बाराला पहिली उकड काढली. तीनच्या सुमाराला एक शेगडी बंद पडली आणि मी नुसती इकडून तिकडे धावायला लागले. गंगाबाई शांतपणे म्हणाली, सात तव्यांना सांगू का, की आठवा आजारी आहे? सगळ्या हसल्या आणि हात दुप्पट वेगानं चालायला लागले. मंडपात धवलारीण लग्नाचे धवले गात होती, मागे आमचं थापणं. आशालता, तीच जी नको म्हणत होती, तिची भाकरी अशी फुगत होती की पोरं बघायला जमली.

शेवटची पंगत उठली तेव्हा मी प्रत्येक रांगेतून फिरले. भाकरीची वाट बघत कुणीच बसलेलं नव्हतं. गावदेवीची पाटी उघडून आम्ही चौदा जणी त्यातलंच जेवलो. मी रडले, पण हे रडणं वेगळं होतं. आज सकाळी काट्यावरच्या शेठना सांगून आले, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.

एकच हुरहुर आहे. कुंदन म्हणतो, भिंतीवर आकडा लिही, पुढच्या वर्षी त्याच्या पुढे जायचं. पण तुझं ऐकून आम्ही मोजल्याच नाहीत. पाट्या भरल्या आणि पुढे दिल्या. लिहू काय?

तुझ्या हाताखाली शिकलेली, तुझ्याशिवाय जेवलेली,
हेतल


करंजा,
२ मे २०२५

सौ. हेतल हिस,
अ. उ. आ.

रुसू नकोस. मी आले होते.

भगवानशेठ माझ्या नणंदेच्या दिरांचा मेव्हणा. आमंत्रण चूलबंद, म्हणजे माझीही चूल बंदच होती ना? मग काय उपाशी राहू? पुतण्याच्या गाडीतून आले आणि मंडपाच्या मागच्या बाजूला, तुमच्या पाट्या जिथून बाहेर पडत होत्या तिथे, डोक्यावर पदर घेऊन खुर्ची टाकून बसले. तुझ्याजवळ आले नाय ते मुद्दाम. मी चुलीपाशी बसले असते तर लोक म्हणाले असते, चंद्राची भाकरी. मला ऐकायचं होतं, हेतलची भाकरी. आणि ऐकलं. माझ्या या कानांनी, जे फोनवर निम्मं ऐकतात त्यांनी, पुरतं ऐकलं.

तीन खाल्ल्या. कडा माझ्यापेक्षा पातळ हाय. सांगायला जड जातं, पण हाय.

तू रांगांमधून फिरलीस ते पाहिलं. प्रत्येक ताटाकडे बघत होतीस. माझ्या भावाच्या हळदीला मी तोंड लपवून चुलीमागे बसले होते. तुझा बाप असता तर त्या दिवशी मंडपात नाचला असता. मी पदराने डोळे पुसले आणि शेजारणीला सांगितलं, धूर लागला.

आता आकड्याचं. देव मला क्षमा करो. एक पाटी वाढायला थांबली तेव्हा मी हात लावून मोजली, साठ निघाल्या. आणि बाहेर पडलेली प्रत्येक पाटी मी बोटांवर धरत गेले. सत्तेचाळीस. घरी येऊन कागदावर गुणाकार केला, दोनदा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोजल्या, आणि बघ, बरकत कुठेही गेली नाय.

दोन हजार आठशे वीस. भिंतीवर लिही, आणि खडूने नको. रंगाने लिही.

पुढच्या वर्षी मला काथवटीजवळ बसव, आता लोक काय म्हणतात त्याची भीती उरली नाय.
तुझी,
चंद्राआत्या