सहा पंचावन्नला ठीक होती

गुरुवार, १४ ऑक्टोबर २००४. पुलगाव

सकाळी सात. आकाशवाणीच्या संस्कृत बातम्या आत्ताच संपल्या. अख्ख्या पुलगावात त्या ऐकणारा मी एकटा, असं सुलोचनाचं मत. आज बातम्या सुरू होताच म्हणाली, "लागली का तुमची देवाईची भांडणं?" चहा डाव्या हातानं ठेवला. म्हटलं, हे शास्त्राला धरून नाही. "मंग शास्त्रच प्या!"

आत काहीतरी पडलं. बघतो.

त्याच दिवशी, दुपारी. वर्धा, इस्पितळ

लकवा. सुलोचनाची उजवी बाजू गेली, बोलणंही. शेजारच्या डोमाजींनी मॅटॅडोर अशी हाणली की माझं स्तोत्र अर्ध्यावर असतानाच वर्धा आलं.

डोक्याचा स्कॅन झाला. डॉ. रीता — आमच्या लेकीच्या, मयुरीच्याच वयाची पोर! — म्हणाल्या, "शेवटी ठीक कधी होत्या? घड्याळातली वेळ सांगा." मी ताठ झालो. बावीस वर्षं वार्ताहर आहे. वेळ चुकली म्हणून एकदाही दुरुस्ती छापावी लागली नाही. "सहा पंचावन्न. बातम्या लागल्या तेव्हा हिनं टोमणा मारला. उच्चार शुद्ध होते."

"मग तीन तास व्हायला अजून चाळीस मिनिटं आहेत." कागद पुढे केला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. "अशा शंभर बायका धरा, काका. नाही दिलं तर तीन महिन्यांनी तीस जणी स्वतःचं स्वतः करतील. दिलं तर बेचाळीस. पण सहा जणींच्या डोक्यात रक्तस्राव होतो. आणि हे आकडे तीन तासांच्या आतच खरे. उशीर झाला असेल तर मी देणार नाही."

"यातली ही कितवी?"

"ते कागदात नाही."

वडिलांनी जन्मभर कुंडल्या मांडल्या. इतकं प्रामाणिक उत्तर कुणाला दिलं नाही. सही केली. साडेनऊला इंजेक्शन सुरू.

१५ ऑक्टोबर

रक्तस्राव नाही. उजवा अंगठा हलला!! मी रडलो. डोमाजी म्हणाले, "काऊन रडून राह्यले पंडितजी, चांगलं झालं तं?" त्यांच्याच उपरण्याला डोळे पुसले. इतकं व्याकरण शिकून!

२२ ऑक्टोबर

पहिला शब्द — "रेडिओ?" बंद ठेवलाय म्हटलं. अर्ध्या तोंडानं हसली. अर्धं पुरे.

शुक्रवार, १४ जानेवारी २००५

तीन महिन्यांची तपासणी, नेमकी संक्रांतीला. एकटी चालत आत गेली. डॉ. रीतांच्या हातावर तिळगूळ ठेवला, उजव्या हातानं. आता वाक्यं पुरी करते, म्हणजे टोमणेही पुरे.

डॉक्टरांनी जाड वही उघडली. "काका, प्रत्येकाची एक ओळ असते. झटका कधी, इंजेक्शन कधी, आज कसे आहेत. पुढच्या माणसाला आकडा सांगताना हीच ओळ कामी येते." सुलोचनाच्या ओळीत लिहिलं — स्वतःचं सगळं करतात. त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं. वय आडवं आलं. नुसता नमस्कार केला.

शनिवार, १५ जानेवारी

डोमाजींना पुन्हा तीच कथा ऐकवत होतो — संस्कृतानं बायको वाचवली! उरलेला तिळगूळ डब्यात भरता भरता सुलोचना म्हणाली, "कायचं सहा पंचावन्न? हात तं सकाळी पाचलेच मेला व्हता. नळावर घागर डाव्या हातानं उचलली मी. तुमाले सांगतलं असतं तं बातम्या बुडाल्या असत्या."

चौदा ऑक्टोबरचं पान काढलं. चहा — डाव्या हातानं. माझ्याच अक्षरात.

म्हणजे साडेचार तास. खरी वेळ कळती तर इंजेक्शन मिळालंच नसतं. आणि पुढच्या माणसासाठी त्या वहीत माझी खोटी वेळ बसली आहे.

सोमवारी पहिल्या गाडीनं वर्धा. बावीस वर्षांतली पहिली दुरुस्ती.

"मले बी न्या," सुलोचना म्हणाली. "या बारी टाईम मी सांगीन."