चंद्रदेवीचा निरोप राहिला

२१ ऑक्टोबर
आलो बाई एकदाचे! घर टीचभर, पण खिडकीतून समुद्र दिसतो. माझी सात वर्षांची लेक वेन्ना तर सामान उतरायच्या आतच खडकांवर पळाली. बेकरीतली नोकरी सोमवारपासून. मालकीण लव्हडेबाई फटकळ, पण ऊनऊन पेस्टी, म्हणजे इथली मटण-बटाट्याची भली मोठी करंजी, स्वतः घेऊन आल्या. इथे पौर्णिमेला रिंगण करून चंद्रदेवीला पुजतात, त्याच्या पुरोहितीणही त्याच. मलाही बोलावलंय. प्लिमथला आम्ही चौघीजणी बाल्कनीत पौर्णिमा करायचो. इथे चांगली टेकडी आहे, तेरा माणसं आहेत. मी हरखून गेलेय.

२८ ऑक्टोबर
लव्हडेबाईंचा गुडघा धरला होता, म्हणून चंद्रदेवीला अंगात घ्यायचा मान मला मिळाला. डेन्झिल खाटीक म्हणाला, "एवढीशी काटकुळी तू, देवी मावणार कुठे?" सगळे हसले. चंद्र उगवला, लव्हडेबाईंनी सुरीने रिंगण आखून देवीला हाक मारली. काहीतरी गार अंगात उतरलं आणि मी बोलू लागले. काय बोलले, ठाऊक नाही. तेवढ्यात गारा कोसळल्या नि सगळे डोक्यावर टोपल्या घेऊन पळाले. देवीला निरोप द्यायचा राहिलाच. लव्हडेबाई म्हणाल्या, देवी समजूतदार आहे, आपल्या घरची वाट शोधेल.

२ नोव्हेंबर
आज बेकरीतले तीन तास मला आठवत नाहीत. म्हणे मी छान काम केलं, आणि गात होते. मला गाता येत नाही. वेन्ना म्हणाली, "आई, तू गातेस ना, तेव्हा जास्त छान असतेस." फार लागलं ते.

१३ नोव्हेंबर
अमावास्या. आठवडाभर मी मीच आहे. हुश्श!

२१ नोव्हेंबर
पुन्हा सुरू. वेन्नाचे मोजे ओले, खारट. विचारलं तर म्हणाली, "तूच नेलंस की समुद्रात! भरतीचं पाणी तुझं ऐकतं, असं म्हणालीस. आज गुडघ्यापर्यंत गेलो."
लव्हडेबाईंना सगळं सांगितलं, तसा त्यांचा चेहरा उतरला. निरोप आता पौर्णिमेलाच देता येईल, म्हणाल्या. तोवर वेन्नाने डेन्झिलकडे राहायचं ठरलं.

२६ नोव्हेंबर
वेन्ना घरीच आहे. डेन्झिल म्हणतो, मीच फोन करून नको म्हणाले. मी फोन केलेला नाही.
आज कमरेपर्यंत. हसत सांगते पोर. मला भीती वाटते — माझीच.

२७ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन
पौर्णिमा. दाराला कुलूप लावलं, किल्ली खिडकीतून खाली फेकली. लव्हडेबाई माणसं घेऊन निघाल्यात. चंद्र उगवायला अर्धा तास — भरतीही तेव्हाच —

वेन्ना म्हणते, आई, गातेयस तू.
नाही. मी लिहितेय. लिहितेय तोवर हा हात माझा —

तिच्याकडे दुसरी किल्ली. म्हणते, सकाळी तूच दिलीस —

दार उघडलं. माझा डावा हात धरून ओढतेय — नाही, डावा हात तिला ओढतोय — उजव्यातली पेन्सिल सोडायची नाही, सोडली की