लाल रंगातली नावं

खापरखेडा,
रविवार, दुपार

प्रिय दीप्ती,

जय भीम. हे पत्र नत्थूजीजवळ देत आहे. तो आज पोराकडे नागपूरला निघाला आहे, तुझ्या हातातच देईन म्हणाला. फोन केला असता, पण फोनवर तू हो बाबा, हो बाबा म्हणतेस आणि मी घाबरून मुख्य गोष्टच विसरतो. उद्या तू इथल्या शाळेत यायच्या आत तुला हे कळायला पाहिजे. आधी एक सांगतो, मी ठीक आहे. डाव्या खांद्याचं हाड थोडं तडकलं आहे, गळ्यात पट्टा बांधला आहे, उजवा हात चालतो. तू घाईघाईत गाडी काढू नकोस. तुझ्या स्कूटीचा मागचा ब्रेक लागत नाही हे मी दिवाळीपासून सांगत आहे, जावईबापूंनी अजून दाखवली नसेलच.

आपल्या शेजारच्या विक्कीची अदिती, तुझ्याच वर्गातली, कालपासून सरकारी दवाखान्यात आहे. तिच्या कानातून रक्त आलं. पडदा फाटला म्हणतात, त्या कानानं पुढे ऐकू येईल की नाही डॉक्टर सांगत नाहीत. दवाखान्यातून कळवल्यावर पोलिसांनी विक्कीला रात्रीच नेलं, तरी तिची आई सरिता सगळ्यांना सांगते, पोरगी मोरीत घसरली. मोरीत घसरलेल्या पोरीच्या पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे वळ कसे उठतात, हे तिला कोणी विचारत नाही. मी विचारलं तर माझ्याच पाया पडली. "बाबूजी, चूप राहा न जी. तो सुटून आला का मलेच मारीन."

तुला आपली खोली माहीत आहे. मधे एक विटेची भिंत, वर टीन. त्यांच्याकडे भाजीला फोडणी दिली तरी मला ठसका लागतो. तू मागच्या जूनमध्ये घरी आलीस तेव्हा किती आनंदानं सांगत होतीस. आता वर्गात मोबाईलवरचं चक्र फिरवते, ज्याचं नाव येईल तो उत्तर देतो, पोरं ओरडून ओरडून वर्ग डोक्यावर घेतात. मागे बसणारी पोरंही हात वर करायला लागली. पालकांचा ग्रुप केला, घरच्या अभ्यासाचा फोटो पोरांनी संध्याकाळी पाठवायचा, मग तू यादी टाकतेस, केला त्याचं नाव हिरवं, नाही केला त्याचं लाल. वह्यांचे गठ्ठे ओढायचा त्रास वाचला म्हणालीस. मी सातवी नापास माणूस, मला काय कळतं, पण मला फार अभिमान वाटला. चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगितलं, ते हिरवं-लाल करणारी मॅडम माझी पोरगी आहे.

त्याच टपरीवर आता काय चालतं ते ऐक. ड्युटी सुटली की बाप लोक तिथे उभे राहतात आणि तुझी यादी उघडतात. ज्याची पोरगी हिरवी तो चहा पाजतो. ज्याची लाल त्याची मजा घेतात. "काय गा विक्की, तुयी तं आजबी लालच! पोरगी बापावर गेली वाट्टे." सगळे हसतात. विक्की वीज प्लांटात ठेकेदाराकडे कोळशाच्या सरकत्या पट्ट्यावर कामाला आहे, दिवसभर मुकादमाच्या शिव्या खातो, तोंडातून शब्द काढत नाही. टपरीवरही काढत नाही. ते सगळं घरी घेऊन येतो.

मी भिंतीच्या या बाजूला बसून ऐकतो, दीप्ती. आधी दाराला लाथ. मग एक थापड, आणि अदितीचं डोकं टिनाच्या दाराला आदळल्याचा आवाज. मग कमरेचा पट्टा. पट्टा हवेत येतो तेव्हाच कळतं, कारण ती आधीच ओरडते. मग ती ओरडायची थांबते, आणि ते जास्त वाईट. सरिता मधे पडली तर तिलाही. एकदा त्यानं पोरीचा हात गरम तव्याजवळ धरला आणि म्हणाला, "याच हातानं लिवत नाई न तू?" मी भिंतीवर काठी आपटली. तो तिकडून ओरडला, "बुढ्या, तू झोप!" आणि मी गप्प बसलो. मला छातीत धडधडतं, तुला माहीत आहे.

पण ती पोरगी अभ्यास करत होती. रोज, माझ्याच ओट्यावर. शाळेतून आली की पालथी पडून गणितं सोडवते आणि मला बेरीज विचारून हसते, कारण मला हातचा घ्यायचं ध्यान राहत नाही. मग नाव लाल कसं, हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. परवा तिला जवळ बसवून विचारलं, काहून वं, तू करते तर मॅडमले पाठवत काहून नाई? ती म्हणाली, "फोटो कायनं काढू आबा? फोन तं पप्पाच्या खिशात असते." सरिताचा फोन त्यानं उन्हाळ्यातच भिंतीवर आपटला होता. घरात एकच फोन, तो बापाबरोबर प्लांटवर जातो. फोटो पाठवायची वेळ निघून जाते, नाव लाल होतं, आणि तो लाल रंग त्याच फोनवर बाप बघतो. मी म्हटलं, मॅडमले सांग न. ती म्हणाली, "मॅडम पप्पाले फोन करतीन." मी तुझ्याशी बोलतो म्हटलं तर रडायला लागली, तिनं माझा हात धरून शपथ घातली. मी एक दिवस थांबलो.

तो एक दिवस म्हणजे काल. काल मला बसवलं नाही. आवाज ऐकून मी त्यांच्याकडे गेलो, दार उघडंच होतं. अदिती मोरीत अंगाचं मुटकुळं करून पडली होती आणि तो तिला हेल्मेटनं मारत होता. मी ओरडलो, अरे फोन तुयाच खिशात आहे, ती काय पाठवीन? त्याला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं म्हणूनच तो पिसाळला. हेल्मेट माझ्या खांद्यावर बसलं, मी चुलीवर पडलो. पडल्या पडल्या पाहिलं, दुसरा घाव पोरीच्या कानावर. मग तो फोन माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, "मले काय सांगून राहिला बे? तुयीच पोरगी मले रोज लिवून पाठवते, माही पोरगी निकम्मी हाय म्हणून!" यादी उघडीच होती. काचेवर रक्ताचा अंगठा उमटला होता.

मला रात्रभर झोप नाही. तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. पट्टा त्यानं मारला, हेल्मेट त्यानं मारलं. तू तर पोरांच्या भल्यासाठीच केलंस. पण त्या यादीत अजून किती नावं लाल असतात, आणि त्यांच्या भिंतीजवळ ऐकणारं कोणी आहे का, हे मला माहीत नाही. उद्यापासून ती यादी टाकू नकोस. वही बघ, आणि जे बोलायचं ते पोराच्या कानात बोल. तुझं चक्र मात्र चालू ठेव, अदितीला ते फार आवडतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आज सकाळी पोलीस आले. आपल्या खोल्यांच्या लाईनीतला एकही माणूस बोलला नाही. विक्कीचा भाऊ समोरच उभा होता, मला बघून गळ्यावरून बोट फिरवत होता. तरी मी बयाण दिलं. हेल्मेट सांगितलं, पट्टा सांगितला. शिपायानं विचारलं, मारायचं कारण काय? मी फोनचं आणि यादीचं सांगितलं. अर्धं सांगितलं असतं तर त्याच्या वकिलानं मला खोटा पाडला असता आणि पोरगी परत त्याच्याच घरात गेली असती. तुला शाळेत विचारतील, वर्तमानपत्रवालेही येतील, नोकरीला काय होईल या काळजीनं मी पाणीसुद्धा प्यायलो नाही. शिपाई म्हणाला, यादी टाकणाऱ्या मॅडमचं नाव? मी सांगितलं. लग्नानंतरही तू माझंच आडनाव लावतेस, ते त्याच्या ध्यानात आलं. म्हणाला, "बाबा, या तुमच्या कोण?" मी म्हटलं, पोरगी. त्यानं पेन उचललं, माझ्याकडे बघितलं. "लिवू का?" मी म्हटलं, लिवा साहेब.

तुझाच बाप,
आनंदराव