जांभळे झगे, पाच दिवस

बुलावायो, २ ऑक्टोबर

चि. नोमालांगा हिस मामाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. मैदान रिकामं दिसलं तर टीव्हीवाले हात आखडता घेतील, आणि बुलावायोची क्रिकेट कसोटी कायमची बंद होईल, हे वाचून घास उतरेना. या वयात मला दुसरं व्यसन नाही, पोरी. पाच दिवस जकरंड्याच्या झाडाखाली बसायचं, चेंडू वळायला लागला की शेजारच्याला कोपराने ढोसायचं. तेही गेलं तर काय, कोंबड्या हाकू?

पगार घेऊन मैदानाचे स्टँड माणसांनी भरायची नोकरी तुझी, आणि राबायचं मामाने! असो. सामन्याला चला म्हणून मी आमच्या मूठमाती मंडळाच्या, मयताला गाणाऱ्या बायकांना गाठलं. जांभळा झगा, पांढरी टोपी, आणि गळे असे की मेलेला उठून बसेल. झगा चढवला की मालकीण मुकाट सुट्टी देते, नवरा ब्र काढत नाही. मयताला जाणारीला कोण अडवणार? अध्यक्षीण माग्वेबू मात्र अडून बसली. कुणी गेल्याशिवाय झगा पेटीबाहेर निघत नाही, कुणाला पुरायचंय ते आधी सांग, म्हणाली. मी म्हटलं, तुम्ही आला नाहीत तर कसोटीलाच पुरायचंय. फिदीफिदी हसली आणि कबूल झाली.

तुला खायला मोपानीच्या झाडावरच्या अळ्या वाळवून बसच्या ड्रायव्हरजवळ दिल्यात. त्याच्याकडून मोजून घे, खादाड आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा झेफन्या

हरारे, ११ ऑक्टोबर

ती. झेफन्यामामांस नोमालांगाचा शि. सा. न. वि. वि.

मामा, पहिल्याच दिवशी बाजी मारलीत! गडी बाद झाला आणि बायकांनी गाणं धरलं, तर आमचे साहेब खुर्चीतून उठले. असं गाऊन आमच्या फलंदाजांना रोजच पुरा म्हणाले, मेले.

एकच विनंती. झाडाखाली कॅमेरा पोचत नाही. तुमचं जकरंडं तेवढं सोडा आणि सगळ्यांना समोरच्या उघड्या पायऱ्यांवर बसवा. दारवानालाही तसं लिहून पाठवलंय. ऊन आहे, ठाऊक आहे. पण बायका शेतात राबलेल्या, विरघळणार नाहीत. माग्वेबूमावशींना पुढे बसवा, त्या छान दिसतात.

अळ्या पोचल्या. ड्रायव्हरने मूठभर खाल्ल्याच.

आठवण ठेवणारी,
नोमालांगा

बुलावायो, १५ ऑक्टोबर

चि. नोमालांगा हिस आशीर्वाद.

माग्वेबू गेली.

जेवणानंतर तिने सावली मागितली. मी दारवानाला हात जोडले. त्याने तुझं फर्मान दाखवलं आणि म्हणाला, बाबा, सावलीत बसायचं तर घरी बसा. तेवढ्यात गडी बाद झाला, गाणं उठलं, आणि दुसऱ्या कडव्याला माग्वेबू बसल्या जागी कलली. मूठमातीचं गाणं अर्ध्यावर टाकायचं नसतं, हा आमचा नेम तू लहानपणापासून जाणतेस. बायकांनी रडत रडत शेवटपर्यंत म्हटलं, मगच तिला उचललं. कॅमेरा अगदी जवळ आला होता.

काल तिला पुरलं. झगे धुवायलाही वेळ मिळाला नाही, तेच घामेजलेले घालून बायका आल्या. माझ्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही.

मामा

हरारे, २९ ऑक्टोबर

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

फार वाईट झालं. मी खरंच रडले.

पण मामा, तुमची कसोटी वाचली! ते दृश्य परदेशात घरोघरी दाखवलं. टीव्हीवाल्यांनी पुढच्या वर्षाचे पाच दिवस बुलावायोलाच पक्के केले. अट एवढीच की तेच झगे हवेत आणि तेच गाणं. पुढच्या रांगेत माग्वेबूमावशींची खुर्ची फुलं घालून रिकामी ठेवू. बायकांना कंपनीचं नाव छापलेल्या छत्र्या देणार आहोत, म्हणजे उन्हाचीही तक्रार नको. आता तरी हसा.

तुमचीच,
नोमालांगा

बुलावायो, ८ नोव्हेंबर

चि. नोमालांगा हिस आशीर्वाद.

बायका येणार आहेत. तुझ्या कंपनीच्या माणसाने त्यांच्याशी परस्पर ठरवलं, मला विचारायचं कारण उरलं नाही. छत्र्या त्यांना आवडल्या.

त्याच बैठकीत मंडळातून माझं नाव काढलं. मयत नसताना झगा बाहेर काढायला लावून यानेच मरण बोलावलं, म्हणाल्या. याच्या मयताला आता झगा जाणार नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या खड्ड्यांत माती लोटली. माझ्या खड्ड्यापाशी गायला कोणी नसेल.

पाच दिवस वाचले, चांगलं झालं. जकरंडंही फुललंय.

मी गेल्याचं कळलं की तुझ्या साहेबांना सांगून एक कॅमेरा पाठव. कॅमेरा दिसला तर बायका येतील.

उन्हात उभी राहू नकोस.
मामा