पहिली भाकरी

१४ नोव्हेंबर
उद्या लिहू, उद्या लिहू म्हणत नऊ दिवस वहीला हात लावला नाही, कबूल. पण झकास चाललंय! कॉफी तोडायला डोंगरावरच्या या गावात आलो आणि एपिफानिया आजीच्या घरी जागा मिळाली. पहिल्याच दिवशी म्हणाली, मेलितोन, तुझ्यासारखा लांबटांग्या महिनाभर टिकला तर माझ्या टर्कीला मिशा फुटतील. ही टर्की म्हणजे एक अवलादच आहे, पण ते नंतर.

१६ नोव्हेंबर
इथली श्रद्धा आमच्या खालच्या गावात नाही. आजी सांगते, आधी एकच देव होता. एकटेपणा सोसवेना म्हणून त्यानं काळ्या काचदगडानं स्वतःला मधोमध चिरलं. रक्त सांडलं त्यातून मका उगवला, मक्यातून माणसं. एक अर्धा माणसांत रमला. दुसऱ्याला बसायला जागाच उरली नाही, तो अजून दारोदार हिंडतो. म्हणून तव्यावरची पहिली भाकरी चुलीपाशी ठेवायची, त्याच्यासाठी. ती दुसऱ्या कुणी खाल्ली, तर खाणाऱ्याची जागा त्या हिंडणाऱ्याला मिळते. मी म्हटलं, म्हणजे माझ्यासारखाच भटक्या की! आजी हसली नाही.

१९ नोव्हेंबर
आजी लेकीकडे गेलीय. जाताना दोनदा बजावलं. पण धुकं, काम बंद, पीठ दोन मुठी. पहिली भाकरी मीच खाल्ली. कोण बघतंय?

२१ नोव्हेंबर
मुकादमानं टोपल्या वाटल्या, माझं नाव घेतलं नाही. हाक मारली, तर माझ्या मागच्या झाडाकडे बघत राहिला. शेजारच्या ओळीत कॉफी तोडणारी क्रेसेन्सिया रोज माझ्या टोपीची टर उडवते. आज एक अक्षर नाही. टोपीही सापडत नाही.

२२ नोव्हेंबर
आजी परतली. पाया पडलो, चुकलो म्हटलं. ती माझ्यातून चुलीकडे बघते. घास घ्यायला गेलो – टोपलीतल्या भाकऱ्या बोटांत येत नाहीत. चुलीपाशी ठेवलेली तेवढी येते. खाल्ली. रडलो. कुणाला ऐकू –

२३ नोव्हेंबर
आजीनं दोन ताटल्या मांडल्या. देवा, मला बघतेय –
नाही. दारात कुणी आलंय. माझी टोपी. लांब पाय. टर्की त्याच्या पायात घुटमळते. आजी हसते, म्हणते, ये रे मेलितोन, कुठे उलथला होतास. तो माझ्या जागी बसला.
तोच एकटा माझ्याकडे बघतो. पहिली भाकरी उचलून माझ्याकडे सरकव –